कातडीचा दाखला, जन्माचा दाखला

अमेरिकेच्या राजकारणाबद्दल आपल्या समाजात दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. काहींना तो देश म्हणजे स्वातंत्र्याचे माहेरघर वाटतो, तर काहींना तो मुसलमानांचा कायमचा वैरी वाटतो. दोन्ही बाजूंना तिथला इतिहास वाचायची फारशी गरज भासत नाही. आम्हाला मात्र वाटते की हा इतिहास आपण वाचायला हवा, आणि तो राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांत न शोधता कोर्टाच्या निकालांत शोधायला हवा. माणूस कोणत्या कागदावर नागरिक ठरतो, हा प्रश्न तिथे अडीचशे वर्षांपासून भांडला जातो आहे. त्या भांडणात आपल्या मुलखातली माणसेही उभी होती, हे आपल्याला कुणी सांगितलेले नाही.

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. त्याच दिवशी त्यांनी एका आदेशावर सही केली. अमेरिकेच्या भूमीवर मूल जन्मले, पण त्याची आई बेकायदा किंवा तात्पुरत्या परवान्यावर तिथे राहत असेल आणि बाप नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसेल, तर त्या मुलाला नागरिक धरू नये, असा त्या आदेशाचा आशय. तीस दिवसांनंतर, म्हणजे १९ फेब्रुवारीपासून जन्मणाऱ्या मुलांना तो लागू व्हायचा होता. ही तारीख वाचून आम्ही थबकलो. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस नागरिक होण्यास अपात्र आहे असा निकाल दिला होता. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या आदेशावर सही केली, त्याने सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले. तारखांचा हा योगायोगच. पण योगायोगाने का होईना, तीन पाने एकाच ठिकाणी उघडली.

गोष्ट १७९० पासून सुरू होते. त्या वर्षी नव्या प्रजासत्ताकाने कायदा केला की परदेशातून आलेली 'स्वतंत्र गोरी व्यक्ती'च नागरिक होऊ शकेल. त्या वेळी त्या देशात मुसलमान नव्हते असे कुणी समजू नये. आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेल्या गुलामांत कित्येक मुसलमान होते. त्यातल्या उमर इब्न सईद या फुताटोरोच्या आलिमाला १८०७ साली चार्ल्स्टन बंदरात उतरवले गेले. त्याने १८३१ मध्ये अरबीत आपले आत्मचरित्र लिहिले आणि तो गुलामीतच वारला. त्याच्यासारख्यांचे काय स्थान, याचे उत्तर १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे बंड पेटले त्याच वर्षी, सरन्यायाधीश टॉनी यांनी ड्रेड स्कॉट खटल्यात दिले. काळा माणूस, मग तो गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असे ते उत्तर होते.

हा निकाल पुसायला यादवी युद्ध लढावे लागले. १८६८ साली घटनेत चौदावी दुरुस्ती झाली. तिचे पहिलेच वाक्य असे की, अमेरिकेत जन्मलेल्या किंवा तिचे नागरिकत्व स्वीकारलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेल्या सर्व व्यक्ती अमेरिकेच्या नागरिक होत. याच दुरुस्तीत पुढे कायद्याच्या समान संरक्षणाची हमी येते. आपल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात तेच शब्द आले, आणि क्रमांकही चौदाच पडला! महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्याचे काम केले. पुण्यात बसून फुल्यांनी त्या लढाईचे मोल ओळखले होते. ती लढाई पुढे किती वेळा हरायची आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

चौदाव्या दुरुस्तीनंतर नागरिकत्वाला दोन दरवाजे झाले. एक जन्माचा. तिथे रंग विचारायचा नाही. दुसरा अर्ज करून आत येण्याचा. तिथे रंग विचारायचाच. १८७० साली या दुसऱ्या दरवाजातून आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही आत घेतले, पण चिनी, जपानी, हिंदुस्थानी, अरब यांचे काय, ते कायद्याने सांगितले नाही. या दोन दरवाजांपुढे माणसे कशी उभी राहिली, काय बोलली, यातच आम्हाला सगळे सार दिसते.

पहिल्या दरवाजासमोर उभा राहिला तो वाँग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत १८७३ मध्ये जन्मलेला, आचाऱ्याचे काम करणारा तरुण. १८८२ पासून चिनी मजुरांना अमेरिकेत यायला कायद्याने बंदी होती आणि वातावरण विषारी होते. वाँग आईबापांना भेटायला चीनला गेला आणि ऑगस्ट १८९५ मध्ये परतला, तेव्हा जकात अधिकाऱ्याने त्याला उतरू दिले नाही. तू चिनी आहेस, नागरिक नाहीस! काही महिने तो बंदरात या जहाजावरून त्या जहाजावर कैदेत राहिला. समोर त्याचे जन्मगाव दिसत होते. चिनी बिरादरीच्या संघटनेने वकील दिले आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारचे म्हणणे होते की त्याचे आईबाप चीनच्या बादशहाची प्रजा, म्हणून तोही त्याचीच प्रजा. २८ मार्च १८९८ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी वाँगच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती ग्रे यांनी सुनावले की सरकारचे म्हणणे मान्य केले तर इंग्रज, आयरिश, जर्मन आईबापांची जी हजारो मुले आजवर नागरिक मानली गेली, तीही नागरिक उरणार नाहीत.

विरोधी मत देणाऱ्या दोघांत एक होते न्यायमूर्ती हार्लन. दोनच वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, रेल्वेच्या डब्यात काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवण्यास एकट्याने विरोध करणारे हेच ते हार्लन. काळ्यांसाठी एकाकी उभा राहिलेला माणूस चिन्यांच्या बाबतीत डगमगला. उदारमतवादी माणसाची उदारता कुठे थांबते ते पाहायला हवे. कारण ती बहुतेक वेळा कुठे तरी थांबतेच.

वाँगने कोर्टात आपण गोरे असल्याचे सांगितले नाही. आपला वंश थोर आहे, आपली बिरादरी इतर चिन्यांहून वरची आहे, असेही म्हटले नाही. मी इथे जन्मलो, एवढेच म्हणणे. म्हणूनच तो निकाल त्याच्या एकट्याचा राहिला नाही.

दुसऱ्या दरवाजासमोरचे दृश्य वेगळे आहे, आणि तिथे आपली माणसे आहेत. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा न्यूयॉर्कमध्ये टाटांच्या पेढीसाठी कापसाची खरेदी करत. १९०९ मध्ये त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. सरकारने हरकत घेतली. पारशी हे इतर हिंदुस्थान्यांपासून वेगळे, मूळचे इराणी आणि गोरे आहेत, हे मान्य होऊन १९१० साली अपील न्यायालयात बलसारांचे नागरिकत्व टिकले. त्याच सुमारास जॉर्जिया राज्यातल्या सव्हॅना शहरात अब्दुल्ला नावाच्या व्यापाऱ्याचा खटला चालला. कोर्टाच्या कागदांत त्याचे नाव 'अब्बा डोल्ला' असे पडले आहे. आईबाप अफगाण, जन्म कलकत्त्याचा. न्यायाधीशांनी त्याला बाही वर करायला लावली. उन्हाने न रापलेली कातडी इतकी उजळ होती की आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या, अशी नोंद झाली. गोऱ्यांच्या कबरस्तानात त्याने जागा विकत घेतली आहे, हाही पुरावा धरला गेला. त्याला दाखला मिळाला आणि सरकारचे अपील टिकले नाही. एका मुसलमानाचे नागरिकत्व त्याच्या दंडाच्या कातडीवरून ठरावे, आणि त्याच्या भावी कबरीने त्याला साक्ष द्यावी, यापेक्षा कडू विनोद कोणता असेल?

कोर्टाबाहेर काय चालले होते, तेही सांगायला हवे. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या हिंदुस्थानी मजुरांना घरांतून ओढून गावाबाहेर हाकलले. त्या मजुरांत बहुतेक शीख होते. जमावाने, आणि वर्तमानपत्रांनीही, सगळ्यांना एकच नाव दिले होते: 'हिंदू'. शीख असो, मुसलमान असो, तो हिंदूच. पुढे १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनेत 'हिंदू' हा एक वंश म्हणूनच छापला गेला. पंजाबातल्या कुणा मुसलमान शेतमजुराने कॅलिफोर्नियात वंशाच्या रकान्यात आपली नोंद 'हिंदू' म्हणून झालेली पाहिली असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल! याच किनाऱ्यावर १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे त्यात होते. अमेरिकेत मिळालेली वागणूक हेही गदरच्या आगीतले एक सरपण होते.

आता भगतसिंग थिंड. अमृतसरकडचा हा शीख तरुण १९१३ मध्ये सिॲटलला उतरला, लाकूड गिरण्यांत राबला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झाला. डिसेंबर १९१८ मध्ये त्याला गणवेशातच नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांनी काढून घेतले गेले. १९२० साली ओरेगॉनच्या न्यायालयाने ते पुन्हा दिले. सरकार वर गेले.

त्याआधी तीनच महिने, नोव्हेंबर १९२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळला होता. ओझावाची कातडी अनेक युरोपियनांइतकी गोरी होती. न्यायमूर्ती सदरलंड म्हणाले, रंग महत्त्वाचा नाही, गोरा म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा. हे ऐकून थिंडच्या बाजूला हुरूप आला. त्या काळच्या वंशशास्त्राच्या पोथ्यांत उत्तर हिंदुस्थानातले लोक आर्य, म्हणून कॉकेशियन, असेच लिहिलेले होते. थिंडच्या वतीने मांडले गेले की तो उच्च जातीचा आर्य आहे. जातिव्यवस्थेने रक्त शुद्ध राखले आहे. गोरा अमेरिकन निग्रोशी लग्नसंबंधाचा विचार जसा झिडकारतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूळ रहिवाशांशी संबंधाचा विचार झिडकारतो.

हा युक्तिवाद आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. आपण तुमच्यासारखेच आहोत हे पटवण्यासाठी, आपणही तुमच्यासारखीच माणसांची किळस करतो, हे सांगितले जात होते! शीख धर्मात जन्मलेल्या माणसाच्या तोंडी हे घालावे लागले, ही आणखी एक शोकांतिका. आमच्यापैकी ज्यांना अश्रफ आणि अजलाफ यांची भाषा घरातच ऐकायला मिळाली आहे, ज्यांनी आपले खानदान अरबस्तानातून किंवा इराणातून आल्याच्या वंशावळी पाहिल्या आहेत, त्यांना या युक्तिवादाचा वास ओळखीचा वाटेल. राज्यकर्त्याच्या दारात उभे राहिले की आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाला ओळख न देण्याची ही सवय धर्माधर्मांत फरक करत नाही.

आणि त्याचा उपयोग काय झाला? त्याच सदरलंड यांनी तीन महिन्यांपूर्वीची आपली व्याख्या गुंडाळून ठेवली. शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे ते आता म्हणाले. सोनेरी केसांचा स्कँडिनेव्हियन आणि सावळा हिंदू यांचा पूर्वज धूसर भूतकाळात एक असेलही, पण आज त्यांच्यातला फरक सर्वांना दिसतो. जातीमुळे रक्त शुद्ध राहिले, हेही त्यांनी पूर्णपणे मानले नाही. निकाल एकमताचा होता. विरोधी मत नाही. रंगाने गोरा असलेल्याला वंश दाखवायचा आणि वंशाने गोरा ठरणाऱ्याला रंग दाखवायचा, असा तो न्याय.

मग जुनी नागरिकत्वे काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. कॅलिफोर्नियात जे नागरिक होण्यास अपात्र त्यांना शेतजमीन घेता येत नसे. हिंदुस्थानी शेतकऱ्यांच्या पायाखालची जमीन एका निकालाने गेली. पेशावरहून बायकोमुलांसह १९१५ मध्ये आलेले वैष्णो दास बगई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवत. १९२१ मध्ये ते नागरिक झाले होते. ब्रिटिश प्रजा राहायचे नाही म्हणून त्यांनी मायदेश सोडला होता. नागरिकत्व गेले आणि हिंदुस्थानात जाऊन यायचे तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असे सांगण्यात आले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. वर्तमानपत्राला लिहून ठेवलेल्या पत्रात त्यांनी आपण सोनेरी पिंजऱ्यात अडकल्याची व्यथा मांडली होती.

हे सत्र थांबवले ते एका वकिलाने. सखाराम गणेश पंडित, हे नाव आपल्या कानांना घरचेच वाटावे. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे पंडित थिंडच्या बाजूनेही लढले होते. त्यांचे स्वतःचे १९१४ चे नागरिकत्व रद्द करायला सरकार आले, तेव्हा त्यांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला. एकदा कोर्टाने रीतसर दिलेला, सरकारने त्या वेळी आव्हान न दिलेला निकाल इतक्या वर्षांनी उकरता येणार नाही, एवढाच मुद्दा त्यांनी धरला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात घातला नाही, आणि बाकीचे खटले गुंडाळले गेले. आर्य वंशाच्या पोथ्यांनी जे साधले नाही, ते एका रुक्ष कायदेशीर मुद्द्याने साधले. थिंडला स्वतःला १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले, तेही माजी सैनिक म्हणून.

मुसलमानांच्या बाबतीत याच दरवाजाचा आणखी एक किस्सा आहे. डिसेंबर १९४२ मध्ये डेट्रॉइटला अहमद हसन या येमेनी माणसाचा अर्ज आला. न्यायाधीश टटल यांनी त्याचा सावळा रंग तर मोजलाच, पण पुढे असेही म्हटले की अरब हे मुसलमानी जगाचा भाग आहेत, त्यांच्या आणि युरोपच्या ख्रिस्ती लोकांच्या संस्कृतीत मोठी दरी आहे. अर्ज फेटाळला. दीडेक वर्षाने, १९४४ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीश वायझान्स्की यांच्यासमोर मोहम्मद मोहरिझ हा अरब आला. त्यांनी इब्न सीना आणि इब्न रुश्द यांची नावे घेतली, बीजगणित आणि वैद्यक यांची आठवण केली, स्पेन आणि सिसिलीच्या इमारतींची आठवण केली आणि अर्ज मंजूर केला. कायदा एकच, घटनाही एकच. इब्न सीनाचे नाव ठाऊक असलेला न्यायाधीश भेटला तर नागरिक, न भेटला तर परका! हा दुसरा निकाल आपल्याला सुखावतो हे खरे. पण त्या मोहरिझने आपल्या हक्कासाठी आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या हकीमांच्या पुण्याईवर का अवलंबून राहावे, हा प्रश्न उरतोच.

पुढचा भाग थोडक्यात. १९४६ च्या कायद्याने हिंदुस्थान्यांना नागरिकत्वाचा दरवाजा उघडला, पण वर्षाला शंभर जणांचाच कोटा ठेवला. पुढच्याच वर्षी सॅक्रॅमेंटोत आपल्या उपखंडातल्या मुसलमानांनी मशीद उभारली. १९५२ मध्ये नागरिकत्वातली वंशाची अट गेली. १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा गेला आणि मुंबई-पुण्याचे डॉक्टर, अभियंते तिकडे जाऊ लागले. काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने जी हवा तयार केली, तिच्यातून हा कायदा आला. आपल्याकडच्या सुखवस्तू अनिवासी मंडळींना हे कर्ज क्वचितच आठवते.

या सगळ्यात अमेरिकन उदारमतवाद्यांना मोकळे सोडता येणार नाही. जपान्यांना कोंडणारे रूझवेल्ट हे उदारमतवाद्यांचे दैवत. त्या कैदेला १९४४ मध्ये कोरेमात्सु खटल्यात मान्यता देणारा निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी, जे पुढे नागरी स्वातंत्र्याचे मोठे रखवालदार म्हणून गाजले. कोंडलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. जन्माचा दाखला खिशात असूनही तारेच्या कुंपणाआड जावे लागले. सरकारने माफी मागून भरपाई दिली ती १९८८ मध्ये.

११ सप्टेंबर २००१ नंतर पाळी कुणाची आली ते वाचकांना सांगायला नको. २००२ पासून पंचवीस देशांच्या पुरुषांना कचेरीत जाऊन नोंदणी, छायाचित्र, बोटांचे ठसे द्यावे लागले. त्यातला उत्तर कोरिया सोडला तर बाकी चोवीस देश मुस्लिम बहुसंख्य. ऐंशी हजारांहून अधिक लोक स्वतःहून हजर झाले, तेरा हजारांहून अधिकांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली, आणि दहशतवादाचा गुन्हा त्यातून एकावरही सिद्ध झाला नाही. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सात मुस्लिम बहुसंख्य देशांच्या लोकांना प्रवेशबंदी केली. तिची सुधारलेली आवृत्ती जून २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरली. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी कोरेमात्सुचा निकाल मुळातच चुकीचा होता असे जाहीर केले. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात त्यांना आरसा दाखवला, की तुम्ही एका चुकीच्या जागी दुसरी आणून बसवत आहात.

पण २०१७ चा आदेश परदेशी माणसांबद्दल होता. २०२५ च्या आदेशाने जन्माच्या दरवाजाला हात घातला. वाँग किम आर्कच्या दरवाजाला. आपल्याकडे हा दरवाजा कसा अरुंद होत गेला ते आठवून पाहावे. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक माणूस जन्मानेच नागरिक. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक जण नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून एक नागरिक असला तरी दुसरा बेकायदा आलेला नसावा. आणि २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाच्या दरवाजावर धर्म लिहिला. त्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यांत लोखंडी पेट्या उघडून आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले शोधले जात होते. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नव्हते, ते काय शोधणार?

ट्रम्प यांच्या आदेशाला २३ जानेवारी २०२५ रोजी पहिला लगाम बसला तो सिॲटलमध्ये, जिथे थिंड जहाजातून उतरला होता. न्यायाधीश कूनौर यांची नेमणूक रेगन यांच्या काळातली, म्हणजे ते काही डावे नव्हेत. त्यांनी आदेश उघडउघड घटनाबाह्य ठरवला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी खालच्या न्यायालयांचे देशभर मनाई करण्याचे अधिकार आवळले, जुलैमध्ये न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने मुलांच्या वतीने सामूहिक दावा मानून आदेश पुन्हा अडवला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नच सुनावणीला घेतला. चौदाव्या दुरुस्तीतल्या 'अधिकारक्षेत्राखाली' या शब्दाचा सरकार जो अर्थ लावत होते, तो १८९८ मध्ये हरलेल्या अर्थाचाच चुलतभाऊ होता.

तिथल्या भारतीयांत अशी मंडळी होती, आणि त्यात आपली मराठी मंडळीही असणार, ज्यांना २०२४ च्या निवडणुकीत बेकायदा स्थलांतरितांविरुद्धची भाषणे आपल्याला उद्देशून नाहीत असे वाटत होते. आम्ही रांगेत उभे राहून आलो, ते कुंपणावरून आले. बलसारा शेटजींच्या वकिलांनीही रांगेतल्या इतरांपासून असेच अंतर राखले होते. आदेश छापून आला तेव्हा त्यात कुंपणावरून आलेल्या आईच्या शेजारच्याच कलमात नोकरीच्या, शिक्षणाच्या आणि पर्यटनाच्या तात्पुरत्या परवान्यावर आलेली आईही होती.